फुलात लपलेल्या खेकडा-कोळ्याचा फोटो कसा काढायचा: अंगणातल्या झेंडूपासून सुरुवात

झेंडूवर मधमाशी बसलेली दिसते, तुम्ही जवळ जाता तरी उडत नाही, देठाला हलका धक्का लागला तरी जागची हलत नाही, तर समजा ती मेलेली आहे आणि पाकळ्यांच्या आडून कोणीतरी तिला मानेला धरून ठेवलंय. तो खेकडा-कोळी. आपल्या विदर्भात गावोगावच्या अंगणात, सांदवाडीत, धुऱ्यावरच्या रानफुलांत हे कोळी आहेत, पण बहुतेकांच्या नजरेला पडत नाहीत, आणि ज्यांच्या पडतात त्यांनी मोबाईल काढून फोटो घेतला की एक पांढरा ठिपका येतो, बस. म्हणून इथं पहिल्यापासून सगळं सांगतो, कोळी शोधायचा कसा, प्रकाश कसा बनवायचा, मोबाईल असेल तर काय, कॅमेरा असेल तर कोणत्या सेटिंगला, आणि फोटो काढून झाल्यावर काय करायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो, या कामात लेन्सपेक्षा प्रकाश मोठा, आणि प्रकाशापेक्षाही एकाच झाडाजवळ रोज जाणं मोठं. महागडा कॅमेरा असूनही पांढरा ठिपकाच मिळालेले लोक मी पाहिलेत आणि साध्या मोबाईलवर कोळ्याचे डोळे मोजता येतील असे फोटो काढणारी शाळकरी पोरंही पाहिलीत.

आधी तो आहे कसा ते बघून घ्या

खेकडा-कोळी जाळं लावून शिकार धरत नाही. फुलावर येऊन बसतो, पुढचे दोन-दोन पाय दोन्हीकडं पसरून ठेवतो, आणि वाट बघतो. पुढचे हे चार पाय लांब आणि जाड, मागचे चार आखूड. खेकड्यासारखा आडवाही चालतो आणि मागेही सरकतो. फुलांवर जो सगळ्यात जास्त सापडतो तो थोमिसस वंशाचा, पांढरा, पिवळसर, कधी गुलाबी झाक असलेला. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना शिंगासारखे छोटे उंचवटे असतात आणि त्यांच्याजवळ डोळे बसवलेले असतात, फोटोत हे उंचवटे स्पष्ट आले की फोटो जमला म्हणायचं. मादी साधारण 5 ते 10 मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्यापासून थोडी मोठी, आणि नर इतका बारीक, 2-3 मिलिमीटरचा, की कित्येकदा तो मादीच्या पाठीवरच बसलेला असतो आणि आपल्याला घरी मोठ्या स्क्रीनवर बघितल्यावर कळतं.

त्याच परिसरात बाकीचेही भेटतात. लाल-काळा चकचकीत कॅमॅरिकस, गवताच्या तुऱ्यावर लांबट रन्सिनिया, पानाच्या खालच्या बाजूला चिकटून बसणारा हिरवागार ऑक्सिटेट, हे सगळे खेकडा-कोळ्यांचेच नातेवाईक. तुळशीच्या मंजिरीवर पायांना उभे काटे असलेला लिंक्स कोळी असतो, तो चपळ. आणि समोरचे दोन डोळे मोठ्ठे असलेला उडी मारणारा कोळी तर तुमच्याकडंच वळून बघतो. पण शिकायला सुरुवात थोमिससपासूनच करा, कारण तो तासन् तास एका जागी बसतो आणि आपल्याला वेळ देतो.

शोधणं

बहुतेक लोक वरून बघतात आणि फूल रिकामं आहे म्हणून पुढं जातात. फुलाच्या पातळीवर डोळे आणा, बाजूनं बघा, मग खालून बघा. पाकळीच्या कडेवरून दोन बारीक पाय बाहेर आलेले दिसतील, किंवा पाकळ्या थोड्या जवळ ओढून रेशमानं बांधलेल्या दिसतील. मेलेली माशी किंवा फुलपाखरू फुलाला लटकलेलं दिसलं तर ते सगळ्यात सोपं. खेकडा-कोळ्याला शिकार चावून बारीक करता येत नाही, तो दात रोवतो, आतलं विरघळवतो आणि शोषून घेतो, म्हणून मधमाशीचं सालपट जसंच्या तसं राहतं आणि ती जिवंत बसल्यासारखीच वाटते. खाली जमिनीवर अशा कोरड्या, आख्ख्या माश्या पडलेल्या दिसल्या तर त्याच्या वरचं फूल बघा. अजून एक खूण सांगतो जी फार कमी लोक वापरतात, शिकारीभोवती एकदम बारीक काळ्या माश्या घोंघावताना दिसतात, त्या कोळ्याच्या ताटातलं फुकट खायला आलेल्या असतात. म्हणजे ताट तिथंच आहे.

कोणत्या फुलांवर? अंगणात झेंडू, शेवंती, सदाफुली, मोगरा, गुलाब, कोरांटी. सांदवाडीत दोडका, भोपळा, भेंडी, अंबाडीची फुलं. बाहेर रायमुनिया, तरोटा, नाल्याकाठचं बेशरम. वावरात पऱ्हाटीचं फूल बघत जा, पण लक्षात ठेवा ते पहिल्या दिवशी फिकट पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं, म्हणजे आज जिथं कोळी बसलाय ती जागा उद्या राहणार नाही, फोटो आजच. झेंडूचं फूल मात्र कितीतरी दिवस टिकतं त्यामुळे मादी तिथं मुक्काम करते, आणि म्हणूनच मी सगळ्यांना झेंडू लावायला सांगतो, दसऱ्याच्या हिशोबानं लावलेला असतोच की घरी. घरातल्या आजी सकाळी परडी घेऊन पूजेची फुलं तोडतात, त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आजी, कोपऱ्यातलं हे एक झाड माझ्यासाठी ठेवा, आणि कोळी दाखवा पण त्यांना, एकदा दाखवला की त्या स्वतःच हाका मारून सांगतात कुठल्या फुलात बसलाय ते.

घराच्या भिंतीला, वळचणीला मातीची छोटी घरटी दिसतात ना कुंभारीण माशीची, ती माशी आपल्या पिलांसाठी कोळी धरून बेशुद्ध करून त्या घरट्यात भरते. घरटी ताजी असली तर अंगणात कोळी बहुधा आहेत.

मोसम आणि वेळ

पावसाळा सुरू झाला की रानफुलं, गवत, किडे वाढतात आणि कोळीही, पण फोटोसाठी मला सगळ्यात आवडतो तो सप्टेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंतचा काळ. झेंडू-शेवंती भरात, तुरीला फुलं, हवा सकाळी एकदम शांत, आणि थंडी पडली की कोळी सुस्त. कोळ्याच्या अंगाची ऊब बाहेरच्या हवेवर चालते, त्यामुळे थंड सकाळी तो हळू हलतो आणि ऊन लागलं की चपळ होतो. उजाडल्यापासून साधारण नऊ वाजेपर्यंतचा वेळ सोन्याचा. डिसेंबरात दव पडलं असेल तर कोळ्याच्या अंगावर थेंब मिळतात, तेही ऊन येण्याआधीच. मार्च-एप्रिलपासून आपल्याकडं पारा 40 च्या पुढं जातो, मे महिन्यात 45, तेव्हा दुपारी नादी लागू नका, कोळी सावलीत खाली गेलेला असतो आणि तुम्हालाही ऊन लागेल. उन्हाळ्यात पाणी घातलेल्या कुंड्या, मोगऱ्याची ओळ, विहिरीजवळची हिरवळ एवढंच बघायचं.

सामान: मोबाईलवाल्यांसाठी

फोनवर अगदी जवळच्या फोटोंसाठी मॅक्रो नावाचा जो वेगळा छोटा कॅमेरा असतो, स्वस्त फोनमध्ये 2 मेगापिक्सेलचा, तो विसरा. मेन कॅमेऱ्यावर क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावा. लेन्स मेन कॅमेऱ्याच्या बरोब्बर मधोमध बसली पाहिजे नाहीतर एक बाजू पुसट येते. अशा लेन्सला फुलापासून दोन-तीन सेंटीमीटरवर जावं लागतं, म्हणजे कोळ्याच्या अगदी तोंडाशी, आणि तिथं फोनची सावली पडते, म्हणून बाजूनं प्रकाश येईल अशी जागा धरायची. काही फोन जवळ गेलं की आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतात, सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. मग स्क्रीनवर कोळ्याच्या डोक्यावर बोट दाबून ठेवलं की फोकस आणि एक्स्पोजर (फोटोचा उजेड) लॉक होतं, तिथून प्रकाशाची पट्टी थोडी खाली ओढा म्हणजे पांढरा कोळी फटफटीत होणार नाही, आणि आता फोन पुढं-मागं अगदी केसभर हलवत फटाफट फोटो घ्या. डिजिटल झूम करू नका, नंतर कापता येतं.

कडक ऊन असेल तर घरातली पांढरी ओढणी किंवा धोतराचं पान दोघांनी धरून फुलावर सावली करा. छान मऊ प्रकाश येतो. दुसऱ्या बाजूनं थर्माकोलची ताटली धरली की सावलीतला भाग उजळतो. एक मदतनीस लागतो, पण घरी कोणीतरी असतंच.

सामान: कॅमेरावाल्यांसाठी

90 किंवा 100 मिमीची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम, कारण ती एकास एक मोठेपणा देते आणि लेन्सच्या टोकापासून साधारण 13-15 सेंटीमीटर अंतर मिळतं. एकास एक म्हणजे 8 मिलिमीटरचा कोळी सेन्सरवरही, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत फोटो उमटतो त्या पट्टीवरही, 8 मिलिमीटरचाच उमटतो, आणि साध्या कॅमेऱ्यातल्या छोट्या, म्हणजे क्रॉप सेन्सरची रुंदी 22-23 मिलिमीटर असते, म्हणजे मोठी मादी फ्रेमचा तिसरा हिस्सा भरते. एवढं पुष्कळ आहे.

नसेल लेन्स तर अडून राहू नका. 55-250 सारखी झूम असली तर तिच्या पुढं रेनॉक्स डीसीआर-250 ची भिंगाची क्लिप लावा, ती 8 डायॉप्टर ताकदीची आहे, कोळी 10-12 सेंटीमीटरवर आला की फोकस होतो, आणि 200 मिमीला दीडपटीपेक्षा जास्त मोठेपणा मिळतो. 50 मिमीची लेन्स असेल तर एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणाऱ्या पोकळ नळ्या, 12, 20 आणि 36 मिमीचा संच मिळतो, तिन्ही लावल्या की एकास एकच्या पुढं जाता. ट्यूब घेताना इलेक्ट्रिक पिना असलेल्याच घ्या, नाहीतर अ‍ॅपर्चर (लेन्सच्या आतलं प्रकाशाचं भोक) बदलता येत नाही. सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग म्हणजे रिव्हर्स रिंग, लेन्स उलटी लावायची, त्यासाठी जुनी, अ‍ॅपर्चरची रिंग अंगावरच असलेली सेकंडहँड लेन्स शोधा, नागपुरात-अमरावतीत जुने फोटो स्टुडिओ बंद होताना अशा लेन्सा कपाटात पडून असतात, विचारायला लाजू नका.

ट्रायपॉड मी सांगत नाही. तो उभा करेपर्यंत देठ हलतात आणि कोळी पाकळीच्या मागं जातो. पोतं मात्र घ्या, गुडघे टेकायला आणि पोटावर झोपायला.

प्रकाश, इथंच सगळं आहे

आता गणित बघा. एकास एकला एफ/11 (आकडा मोठा तसं भोक बारीक) ठेवलं तरी क्रॉप सेन्सरवर स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. दुप्पट मोठेपणाला एफ/8 वर तो पाव मिलिमीटर होतो. म्हणून अ‍ॅपर्चर बारीक करावंच लागतं, आणि बारीक केलं की अंधार होतो, वरून मॅक्रोत लेन्स लांबल्यामुळे प्रकाश अजून कमी होतो, एकास एकला एफ/11 हे प्रकाशाच्या दृष्टीनं एफ/22 सारखं वागतं. एफ/16 च्या पुढं गेलात तर सगळा फोटोच मऊ पडतो. आणि फूल तर हलतंच आहे. हे सगळं एकाच गोष्टीनं सुटतं, फ्लॅश. कमी पॉवरवर, म्हणजे पूर्ण ताकदीच्या 1/16 किंवा 1/32 ला, फ्लॅशचा झोत सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागापुरताच असतो, त्यात देठ हलला तरी फोटोत हललेला दिसत नाही.

पण उघडा फ्लॅश मारलात तर सगळं वाया. कोळ्याचं अंग मेणासारखं चमकतं, डोळ्यात टोकदार पांढरे ठिपके, मागं कडक काळी सावली. डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश मऊ करणारा पडदा पाहिजे, आणि तो बाजारातून आणायची गरज नाही. नियम एकच, कोळ्याच्या नजरेनं बघितलं तर प्रकाशाचा उगम जितका मोठा आणि जितका जवळ, तितका तो मऊ. कोळी 8 मिलिमीटरचा, त्याच्यापासून चार-पाच सेंटीमीटरवर वहीच्या पानाएवढा पांढरा पडदा आला की त्याच्यासाठी ते अख्खं आभाळ झालं.

टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमध्ये पांढरा पातळ फोम येतो तो जपून ठेवा. त्याचा साधारण 20 सेंटीमीटर रुंद तुकडा कापा, मधोमध लेन्सच्या टोकावर घट्ट बसेल असं भोक पाडा, आणि वरची बाजू फ्लॅशच्या पुढून कमान करून आणा, म्हणजे फ्लॅश मागून त्या फोमवर पडेल आणि फोम पुढं झुकून कोळ्याच्या डोक्यावर येईल. एका थरानं मधोमध जास्त उजळ डाग राहतो, म्हणून फ्लॅशच्या तोंडाशी बटर पेपरचा किंवा आईस्क्रीमच्या पांढऱ्या डब्याच्या झाकणाचा आणखी एक थर लावा, दोन थरांत थोडं अंतर ठेवा. कॅमेऱ्यावरच्या उघडणाऱ्या फ्लॅशलाही हेच चालतं, फक्त बॅटरी लवकर उतरते. कडा पुढं इतक्या आणा की त्या फ्रेममध्ये येता येता राहतील. खालून थोडा प्रकाश परत यावा म्हणून लेन्सच्या खालच्या बाजूलाही फोमची एक जीभ सोडून द्या, पोट काळं पडत नाही.

सेटिंग लिहून घ्या, यावरून सुरू करायचं: मॅन्युअल मोड, शटर 1/200 सेकंद, एफ/11, आयएसओ (प्रकाश पकडायची ताकद) 200, फ्लॅश मॅन्युअलवर 1/16, व्हाइट बॅलन्स (रंग जुळवायची सेटिंग) फ्लॅशचा, फोटो रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये. मग फक्त फ्लॅशची पॉवर वर-खाली करायची, बाकी सोडून द्या. 1/200 च्या पुढं शटर नेऊ नका, बहुतेक कॅमेऱ्यांत 1/200 किंवा 1/250 च्या वर फ्लॅशचा मेळ तुटतो आणि फोटोत काळी पट्टी येते.

कोळ्याकडं जायच्या आधी गुंजेवर हात बसवा

गुंज आणा, लाल-काळी, तीच. आकार कोळ्याएवढा, अंग चकचकीत. झेंडूच्या मधोमध ठेवा आणि फोटो काढा. गुंजेवर फ्लॅशचं जे प्रतिबिंब पडतं तेच कोळ्याच्या डोळ्यावर पडणार आहे. छोटा कडक ठिपका दिसला तर डिफ्यूझर अजून मोठा करा, जवळ आणा. मोठा, मऊ कडांचा पांढरा भाग दिसला की डिफ्यूझर तयार. लालवर काळा डाग जिथं सुरू होतो त्या रेषेवर फोकस आणायचा सराव करा, डोळे मिटून जमायला लागेपर्यंत. गुंजेचं बी फोडून पोटात गेलं तर ते फार विषारी असतं, घरात लहान लेकरं असतील तर सराव झाला की मोजून उचलून ठेवा.

आता जवळ जा

कोळी सापडला की लगेच तोंड घालू नका. दोन पावलांवर थांबा, पोतं टाका, कॅमेऱ्याचं सगळं सेट करा, लेन्सवर मोठेपणा आधीच ठरवून फोकस मॅन्युअलवर टाका. तुमची सावली फुलावर पडणार नाही अशा बाजूनं या. फुंकर, श्वाससुद्धा, कोळ्याला लगेच कळतो, कारण तो हवेच्या आणि देठाच्या कंपावरच जगतो. देठाला कपडा लागू देऊ नका.

मग डावा हात पुढं करून फुलाखालचा देठ दोन बोटांत अलगद धरायचा आणि त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकवायची. हे आधी अवघड वाटतं पण हाच सगळ्यात मोठा उपाय आहे, कारण आता फूल आणि लेन्स एकत्र हलतात, वारा आला तरी दोघांमधलं अंतर तेच राहतं. फोकस रिंग फिरवायची नाही, मनगटावर लेन्स पुढं-मागं सरकवत डोळे स्पष्ट झाले की दाबायचं. एकदा नाही, दर वेळी तीन-चार.

कोळी बहुतेक वेळा सरकून पाकळीच्या पलीकडं जातो. त्याच्या मागं फिरत बसू नका. पलीकडच्या बाजूला मोकळा हात हळू आणा, कोळी हातापासून दूर म्हणून परत तुमच्या बाजूला येतो. तो धागा सोडून खाली पडला तर पाला उपसू नका, शांत बसा, त्याच धाग्यानं तो बऱ्याचदा वर चढून येतो.

कोन सांगायचा तर कोळ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरा. वरून काढलेला फोटो ओळख पटवायला चांगला, पण बघणाऱ्याला त्याचं तोंड दिसलं पाहिजे. पसरलेले पुढचे पाय आणि डोकं एका सपाट रेषेत असतात, सेन्सर त्या रेषेला समांतर धरला की त्या एक मिलिमीटरच्या जाडीत पाय आणि डोळे दोन्ही बसतात, हे जमलं की लोक विचारतात कोणती लेन्स वापरली म्हणून. पायांची टोकं फ्रेमच्या बाहेर जाऊ देऊ नका. आणि एखादा फोटो थोडा मागं सरून घ्याच, अख्खं फूल, त्यात तो बारीक कोळी, कारण लपणं दाखवायचं असेल तर लपायची जागाही दिसायला पाहिजे.

पांढरा कोळी, पिवळं फूल

इथं फोटो सगळ्यात जास्त बिघडतात. पांढऱ्या कोळ्याच्या पाठीवर बारीक रचना असते आणि थोडाही प्रकाश जास्त झाला की ती जळून सपाट पांढरी होते, नंतर काहीही केलं तरी परत येत नाही. कॅमेऱ्यात जळलेला भाग लुकलुकून दाखवायची सोय चालू ठेवा, आणि लुकलुकलं की फ्लॅश एक पायरी कमी. झेंडूच्या बाबतीत गंमत अशी की साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, ठीक दिसतो पण लाल रंगाचा वेगळा हिस्टोग्राम बघितला तर तो उजव्या भिंतीला चिकटलेला असतो, पाकळ्यांतली घडी-घडी गायब आणि नुसता केशरी लगदा. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे बघायची सवय लावा, आणि पाकळ्यांत रेषा दिसतील इतका फोटो गडद काढा.

मागची बाजू

फ्लॅश जवळचंच उजळतो, लांबचं काळं पडतं. कधीतरी काळं छान दिसतं, पण दिवसा फुलावर बसलेल्या कोळ्यामागं रात्र झालेली मला पटत नाही. सोपा उपाय, मागं आठ-दहा सेंटीमीटरवर दुसरं फूल किंवा मोठं पान येईल असा कोन धरा, फ्लॅशचा प्रकाश तिथपर्यंत जातो. किंवा खाली झोपून आभाळ मागं घ्या, ऊन पडलेलं असताना आयएसओ 400, 1/200, एफ/11 च्या आसपास आभाळ निळं येतं, आणि कोळ्याला फ्लॅश हलका मारायचा. ढगाळ सकाळी आयएसओ 800 पर्यंत न्या, थोडे दाणे आले तरी चालतील.

वारा, आणि फोटो एकावर एक चढवणं

देठ लांब असेल तर बाजूला एक बारीक बांबूची काडी रोवा आणि कपड्याच्या चिमट्यानं देठ काडीला अलगद धरा, चिमट्यात कापूस घाला म्हणजे देठ चिरडत नाही. कोळी अगदी स्थिर असेल, थंड सकाळी असतोच, तर डोळ्यांपासून सुरू करून पाठीपर्यंत लेन्स सरकवत दहा-पंधरा फोटो सलग घ्या आणि घरी कॉम्प्युटरवर हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर मध्ये जोडा, प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन एकच फोटो तयार होतो. पण हे सगळ्यात शेवटी शिका. एकाच क्लिकमध्ये डोळे स्पष्ट येत नसतील तर पंधरा जोडून काही हाती लागत नाही.

वावरात जाताना

फवारणी झालेल्या पऱ्हाटीत शिरायचंच नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर गेले, ते आपण विसरू शकत नाही, आणि फुलाशी तोंड नेऊन बसणं म्हणजे तो वास सरळ छातीत घेणं. मालकाला विचारा कधी मारलं, काय मारलं, आणि भरपूर दिवस जाऊ द्या. तसंही फवारलेल्या वावरात कोळी फारसा मिळत नाही, हे कोळी फुलांवर येणारे नुकसानीचे किडेही खातात, ते वाचले तर शेताचंच भलं आहे, हे शेतकरी काकांना फोटो दाखवून सांगता येतं.

पायात बूट, हात घालायच्या आधी काठीनं हलवून बघायचं, घोणस आणि मण्यार आपल्याकडं कमी नाहीत. कुंपणावर खाजकुहिली असेल तर बाजूनं जा. आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडं, जंगलाला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांना मनापासून सांगतो, उजाडण्याआधी एकट्यानं वावरात खाली वाकून किंवा झोपून फोटो काढू नका, वाघ-बिबट्याच्या भागात वाकलेला माणूस सगळ्यात जास्त धोक्यात असतो. अंगणातल्या झेंडूवर तोच कोळी आहे.

त्याला त्रास न देता

खेकडा-कोळी माणसाला काही करत नाही, त्यामुळे घाबरून मारू नका. फ्रीजमध्ये ठेवून गार करणं, चिकटवणं, मेलेली माशी समोर ठेवून खोटा शिकारीचा फोटो बनवणं, हे मला मान्य नाही आणि असे फोटो ओळखूही येतात, पायांची ठेवणच वेगळी दिसते. पान दुमडून रेशमानं बंद केलेलं दिसलं आणि बाहेर मादी बसलेली असली तर आत अंडी आहेत, ती राखण करतेय, पान उघडू नका, बाहेरून दोन फोटो घ्या आणि निघा. मधमाशी अडकताना दिसली तर सोडवायलाही जाऊ नका, कोळ्यानं त्यासाठी सकाळपासून वाट बघितलेली असते.

एकच मादी, रोज

हे करून बघाच. एका झाडावरच्या एका मादीचा रोज एक फोटो, त्याच फ्लॅशनं, त्याच सेटिंगला, त्याच व्हाइट बॅलन्सवर. युरोप-अमेरिकेत मिसुमेना व्हाटिया नावाचा खेकडा-कोळी आहे, तो फुलाप्रमाणे रंग बदलतो, पांढऱ्याचा पिवळा व्हायला 10 ते 25 दिवस लागतात आणि पिवळ्याचा परत पांढरा साधारण 6 दिवसांत होतो. ऑस्ट्रेलियातल्या थोमिसस स्पेक्टॅबिलिसवर तर 2003 साली नेचर या विज्ञान नियतकालिकात संशोधन आलं की तो आपल्याला न दिसणारे अतिनील किरण परावर्तित करतो आणि त्यामुळे मधमाश्या उलट त्याच्याच फुलाकडं ओढल्या जातात. आपल्या अंगणातल्या मादीचा रंग किती दिवसांत किती बदलतो हे तुमच्या रोजच्या फोटोंतून दिसेल, म्हणून फोनच्या ऑटो रंगावर विसंबू नका, आणि शंका असेल तर रोज फुलाशेजारी एकच पांढरा कागद धरून एक फोटो जास्तीचा घ्या, नंतर रंग जुळवायला तो कामी येतो.

घरी आल्यावर

फोटो सुधारायला मोबाईलवर स्नॅपसीड, कॉम्प्युटरवर फुकट हवं असेल तर डार्कटेबल. हायलाइट थोडे खाली, सावल्या थोड्या वर, शार्पनिंग फक्त डोळ्यांवर आणि पायांच्या केसांवर, सॅच्युरेशनला हात लावू नका कारण झेंडू आधीच भडक आहे. परागकण अंगावर असतील तर पुसू नका, ते खरे आहेत. पावसाळ्यात लेन्स बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी पकडते आणि ती काचेवरून सहजी जात नाही. सेल आणि बॅटऱ्या रात्रीच चार्ज करा, सकाळी लाईट असेलच असं नाही.

नाव शोधायचं असेल तर एकाच कोळ्याचे चार फोटो लागतात: वरून, समोरून डोळे, बाजूनं, आणि जमलं तर पोटाकडून. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्ग-नोंदींच्या साइटवर टाका, तारीख आणि गाव घाला, आणि फुलाचं नाव जरूर लिहा, झेंडू, तूर, पऱ्हाटी, जे असेल ते. थोमिससच्या पुष्कळ प्रजाती फोटोवरून वेगळ्या काढता येत नाहीत, त्यासाठी कोळ्याचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात, म्हणून कोणी तुम्हाला फक्त थोमिसस एवढंच सांगितलं तर ते उत्तर बरोबर आहे असं समजा आणि फाईलला तेच नाव देऊन ठेवा, पुढं तारीख, गाव, फूल.